‘हरित’ नौका आणि वैनगंगेचा काठ : पर्यायी इंधनांच्या हिशेबाची चिकित्सा

जहाजांच्या इंधनाचा विचार भंडाऱ्यासारख्या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जिल्ह्याच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. या जिल्ह्याची ख्याती तलावांची आणि धानाची. बंदराशी त्याचा संबंध आला तर तांदळाच्या पोत्यांपुरताच. तथापि गेल्या काही वर्षांत या विषयावर जी धोरणपत्रे प्रसिद्ध झाली त्यांचे बारकाईने वाचन केल्यास असे दिसते, की त्यांतील हिशेबाची एक बाजू समुद्रावर मांडली गेली असून दुसरी बाजू देशाच्या अंतर्भागात, नेमकी आपल्या नदीखोऱ्यात, न लिहिलेली राहिली आहे. त्या न लिहिलेल्या बाजूची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम धोरणांचा निर्देश थोडक्यात केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये आपले सुधारित धोरण स्वीकारले. सागरी वाहतुकीतून होणारे उष्णताधारक वायूंचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणावे आणि २०३० पर्यंत जहाजांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी निदान ५ टक्के ऊर्जा शून्य अथवा जवळजवळ शून्य उत्सर्जनाच्या इंधनांतून यावी, अशी त्यातील उद्दिष्टे आहेत. ती बंधनकारक करणारी चौकट एप्रिल २०२५ मध्ये संमत झाली; परंतु तिच्या अंतिम स्वीकृतीचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलण्यात आला. आपल्या देशात जानेवारी २०२४ मध्ये अंतर्देशीय जलयानांसाठी ‘हरित नौका’ या नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. प्रवासी नौकांच्या ताफ्यापैकी निम्मा ताफा दहा वर्षांत आणि सर्व ताफा २०४५ पर्यंत हरित इंधनावर यावा, अशी अपेक्षा त्यांत राज्यांकडून केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदरांतील टगांसाठी असाच कार्यक्रम जाहीर झाला. मोठ्या जहाजांना ओढून अगर ढकलून धक्क्याला लावणारी ही आखूड बांध्याची, अचाट जोराची कामकरी नौका. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, कांडल्याचे दीनदयाळ, ओरिसातील पारादीप आणि तुतिकोरिनचे चिदंबरनार या चार बंदरांनी पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत, प्रत्येकी निदान दोन हरित टग विकत अथवा भाड्याने घ्यावेत, असे ठरले. हे टग प्रथमतः विद्युत्‌घटावर चालणारे असावेत आणि पुढे मिथेनॉल व हायड्रोजन यांचा विचार व्हावा, असा त्याचा रोख आहे.

या सर्व लिखाणात ‘हरित’ हे विशेषण नौकेला लावलेले आहे, ही गोष्ट अभ्यासकाने सहजासहजी सोडून देऊ नये. नौका हरित असते की इंधन हरित असते, आणि इंधन हरित असेल तर ते कोठून मोजायचे, हा केवळ शब्दाचा कीस नाही. मोजणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत नौकेच्या टाकीत इंधन आल्यानंतर धुराड्यातून काय बाहेर पडते एवढेच पाहतात. दुसरीत इंधनाच्या उगमापासून, म्हणजे खाणीपासून, शेतापासून अथवा वीजकेंद्रापासून, नौकेमागे उमटणाऱ्या फेसाळ रेघेपर्यंतचा सगळा प्रवास हिशेबात धरतात. आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या धोरणात दुसऱ्या रीतीला तत्त्वतः मान्यता दिलेली आहे आणि २०२४ मध्ये तिच्यासाठी नियमावलीही स्वीकारली आहे. आपल्याकडील चर्चेत मात्र पहिल्या रीतीचे वळण अद्याप गेलेले नाही. ‘शून्य उत्सर्जनाची नौका’ हा वाक्प्रयोग आपण सर्रास करतो. त्यातील शून्य हे धुराड्याच्या तोंडाशी मोजलेले शून्य आहे.

मिथेनॉलचे उदाहरण घेऊ. जहाजावरील डिझेल जाळले असता प्रत्येक टनामागे सुमारे ३·२ टन कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निर्माण होतो. मिथेनॉलच्या टनामागे हे प्रमाण सुमारे १·४ टन आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून मिथेनॉलमुळे उत्सर्जन निम्म्याहून कमी होते असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तसे म्हटलेले आढळतेही. पण टनाला टन ही तुलनाच चुकीची आहे. डिझेलच्या एका किलोत सुमारे ४२·७ मेगाजूल ऊर्जा असते, मिथेनॉलच्या किलोत १९·९. तेव्हा तेवढ्याच कामासाठी मिथेनॉल दुपटीहून अधिक जाळावे लागते. ऊर्जेच्या मापाने भागाकार केला तर डिझेलमागे मेगाजूलला ७५ ग्रॅम आणि मिथेनॉलमागे ६९ ग्रॅम कर्बवायू पडतो. फरक जेमतेम ८ टक्क्यांचा. याचा अर्थ असा, की मिथेनॉलचे सारे पुण्य त्याच्या जन्मकुळात आहे. वनस्पतीने हवेतून घेतलेल्या कर्बापासून ते बनले असेल तर ते जाळल्याने कर्ब पूर्वस्थानी परत जातो. दगडी कोळशापासून बनले असेल तर डिझेलपेक्षाही अधिक कर्ब हवेत जातो, कारण कोळशापासून मिथेनॉल करतानाच पुष्कळसा कर्बवायू बाहेर पडलेला असतो. २०२३ मध्ये ‘लॉरा मेर्स्क’ हे मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनरवाहू जहाज समुद्रावर आले, तेव्हा जहाजाच्या इंजिनापेक्षा त्या इंधनाच्या पुरवठ्याचीच चिंता अधिक झाली, ती याच कारणास्तव.

आपल्या देशात ही चिंता वेगळेच रूप घेते. सप्टेंबर २०२१ मध्ये भेल या सरकारी कंपनीने हैदराबाद येथे अधिक राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल तयार करून दाखविले. तंत्रदृष्ट्या ही गोष्ट अभिमानास्पद आहे. आपला कोळसा या कामी अवघड समजला जातो. नीती आयोगाने पुरस्कारलेल्या मिथेनॉल-अर्थव्यवस्थेच्या कल्पनेत जलवाहतुकीलाही स्थान आहे. परकीय चलनाच्या बचतीचा विचार केला तर या योजनेला युक्तिवाद आहे. कर्बाच्या बचतीचा विचार केला तर नाही. दोन निरनिराळी उद्दिष्टे एकाच विशेषणाखाली आली की असा गोंधळ होतो, आणि त्याचा भार ज्या प्रदेशात कोळसा निघतो त्याच्यावर पडतो. चंद्रपूर, वणी, उमरेड ही नावे येथे मुद्दाम घेण्याची आवश्यकता आहे असे नाही.

आता विद्युत्‌घटाकडे वळू, कारण टगांच्या बाबतीत पहिली निवड त्याची झालेली आहे. आपल्या देशाच्या वीजजाळ्यात एक युनिट वीज तयार होताना सरासरीने सुमारे ०·७ किलो कर्बवायू हवेत जातो. भारण, साठवण आणि मोटार यांतील तूट धरता नौकेच्या पंख्यापर्यंत एक युनिट काम पोहोचविण्यास हा आकडा सुमारे ०·८ किलो होतो. उलटपक्षी चांगल्या भारावर चालणारे डिझेल इंजिन तेवढ्याच कामासाठी सुमारे २१० ग्रॅम तेल जाळते आणि त्यातून ०·६७ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे सरासरी जाळ्यावर भारलेला विद्युत्‌ टग हा पूर्ण भारावरील डिझेल टगापेक्षा किंचित अधिकच कर्ब सोडतो! हा निष्कर्ष येथेच सोडणे मात्र अन्यायाचे होईल. टग हा पूर्ण भारावर फार थोडा वेळ चालतो. जहाजाची वाट पाहणे, सावकाश सरकणे आणि मधूनच दहा-पंधरा मिनिटे सारा जोर लावणे, असा त्याचा दिवस असतो. कमी भारावर डिझेल इंजिन अत्यंत उधळे बनते, तर विद्युत्‌ मोटार थांबली असता काहीच खात नाही. त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होतात, आणि वीजजाळ्यात सूर्याचा व वाऱ्याचा वाटा जसजसा वाढेल तसतसे विद्युत्‌ टगाचे पारडे जड होत जाईल. शिवाय बंदरातील कामगारांच्या आणि उरणच्या रहिवाशांच्या फुप्फुसात जाणारी काजळी तत्काळ थांबते, हा लाभ तर निर्विवाद आहे. आक्षेप टगाला नाही. टग कोणत्या विजेवर भारला जातो हे करारात लिहिल्याखेरीज त्याला ‘हरित’ म्हणण्यास आहे.

आणि ही वीज येते कोठून? महाराष्ट्राच्या औष्णिक विजेचा मोठा हिस्सा विदर्भात तयार होतो. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही जुनी केंद्रे सर्वांना माहीत आहेत. भंडाऱ्याच्या दृष्टीने अधिक जवळची दोन : नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील २३२० मेगावॉटचे, आणि गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील ३३०० मेगावॉटचे. तिरोडा हे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. मौद्याच्या केंद्राला पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून मिळते, तिरोड्याच्या केंद्राला धापेवाड्यापाशी वैनगंगेतून. केंद्र सरकारने २०१५ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरांपर्यंत पाणी वापरावे अशी मुभा आहे. नंतरच्या केंद्रांसाठी ही मर्यादा तीन लिटरांची आहे. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर कोळशाच्या विजेची तीन हजार युनिटे टगात भरली, तर वैनगंगेसारख्या एखाद्या नदीचे नऊ-दहा हजार लिटर पाणी शीतकमनोऱ्यांतून वाफ होऊन गेले असे समजावे. समुद्रावरील धूर नाहीसा होतो तो अशा रीतीने. तो स्थलांतर करतो, आणि वाटेत नदीचे पाणी पितो.

हायड्रोजनच्या बाबतीत हे गणित फारच विदारक होते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कोचीन शिपयार्डने बांधलेल्या पहिल्या हायड्रोजन-नौकेचे जलावतरण झाले. ती वाराणसीच्या गंगेवर चालावी म्हणून बांधलेली. हायड्रोजनच्या एका किलोत डिझेलच्या सुमारे २·८ किलोइतकी ऊर्जा असते, म्हणजे तो ९ किलो कर्बवायूची जागा घेतो. परंतु पाण्याचे विघटन करून तो एक किलो मिळविण्यास पन्नासाहून अधिक युनिटे वीज लागते. ती सरासरी जाळ्यावरून घेतली तर ३५ किलो कर्बवायू सोडून ९ किलो वाचविल्यासारखे होते. सूर्याच्या विजेवर तो केला तरच त्याला अर्थ आहे. आणि सूर्याची तीच वीज घटात भरली तर जवळच्या पल्ल्याची नौका दुप्पट-अडीचपट अंतर चालते. तेव्हा लांबच्या सागरी प्रवासासाठी हायड्रोजन अथवा त्यापासून केलेला अमोनिया यांना पर्याय नसेल, हे मान्य करूनही नदीवर त्यांचे प्रयोजन काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

येथे जुन्या इतिहासातील एका प्रसंगाची आठवण उद्‌बोधक ठरेल. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिची कोळशाची कोठी साडेपाच दिवसांच्या मानाने बांधलेली होती आणि एडन अकरा दिवसांच्या अंतरावर होते. म्हणून खोल्या, दालने, जेथे जागा मिळेल तेथे कोळसा भरला. बोट पाण्यात धोकादायक रीतीने खाली बसली, पण बत्तीस दिवसांनी सुएझला पोहोचली. वाटेतील ठाण्यांवरचा कोळसा आधी शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवावा लागला होता, आणि त्या खर्चाने कंपनीच्या संचालकांचे डोळे पांढरे झाले. वाफेच्या युगाचा आरंभ वाऱ्याच्या खांद्यावर बसून झाला, ही गोष्ट आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच सांगितली जाते. नव्या इंधनाचा पहिला हिशेब नेहमी जुन्या इंधनाच्या खात्यावर लिहिलेला असतो. शिवाय जागेचा प्रश्न आजही तोच आहे : डिझेलच्या जागी तेवढ्याच ऊर्जेचे मिथेनॉल ठेवण्यास सव्वादोनपट, अमोनिया ठेवण्यास जवळजवळ तिप्पट आणि उणे २५३ अंशांवर द्रवरूप केलेला हायड्रोजन ठेवण्यास चौपट जागा लागते, विद्युत्‌घटाचे वजन तर, इंजिनातील नासाडी जमेस धरूनही, सुमारे तीसपट भरते.

या कारणाने आखूड, ठरीव आणि रोज परतीच्या मार्गावरील नौका हेच विद्युत्‌घटाचे खरे क्षेत्र आहे. केरळातील वैक्कम ते तवणक्कडवू या सुमारे अडीच किलोमीटरांच्या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून चालणारी ‘आदित्य’ ही नौका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पंचाहत्तर उतारू, छपरावर २० किलोवॉटची सौरपत्रे, तळाशी ५० युनिटांचा घट आणि प्रत्येकी २० किलोवॉटच्या दोन मोटारी, एवढाच तिचा संसार. तिच्या ऊर्जेचा बराच भाग तिच्याच छपरावर तयार होतो. म्हणून तिला ‘हरित’ म्हणताना जीभ अडखळत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीने स्वतःच्या कामासाठी बांधून घेतलेली ‘बॅराकुडा’ ही सौर-विद्युत्‌ नौका डिसेंबर २०२३ मध्ये केरळातच पाण्यात उतरली. महाराष्ट्रातील कामकरी नौकांमध्ये हा आरंभ लहान असला तरी दिशा योग्य आहे.

अशा नौकांसाठी लागणाऱ्या घटांच्या निमित्ताने तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणींचा उल्लेख होतो. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युत्‌घटांसाठी प्रसिद्ध असून मॉयल कंपनीचा विद्युत्‌विघटनाने तेच द्रव्य तयार करण्याचा कारखानाही तेथे आहे. लिथियमच्या घटांच्या काही जातींत मँगनीज लागते हे खरे. परंतु नौकांवर आगीच्या भयाने आणि दीर्घायुष्यासाठी ज्या जाती पसंत केल्या जातात त्या लोहफॉस्फेटाच्या अथवा टायटनेटाच्या. तेव्हा नौका विद्युत्‌ झाल्या म्हणून तुमसर आपोआप संपन्न होईल हा आशावाद रसायनशास्त्राला धरून नाही.

धानाच्या तणशीपासून आणि तुसापासून इंधन करावे ही सूचना याहून अधिक गंभीरपणे घेतली पाहिजे. धोरणपत्रांच्या भाषेत यांना ‘कृषी अवशेष’ म्हणतात, आणि जे अवशिष्ट ते फुकट, असे त्या शब्दात गृहीत धरलेले असते. भंडाऱ्यात तणीस गुरांच्या मुखी जाते, गोठ्यात अंथरली जाते. तूस गिरण्यांच्या बाष्पकांत जळतो आणि त्याच्यावर उकड्या तांदळाचा धंदा चालतो. जे आधीच कामाला लागलेले आहे ते काढून घेतले तर त्याच्या जागी काय येणार? बाष्पकात तुसाऐवजी कोळसा आला तर नौकेने वाचविलेला कर्ब गिरणीच्या धुराड्यातून परत आला. पंजाबात शेतात जाळल्या जाणाऱ्या तणशीला जो न्याय लागू पडतो तो येथे तसाच्या तसा लावता येत नाही. जिल्ह्यात खरोखर उरणारी तणीस किती, याचे गावनिहाय उत्तर मिळेपर्यंत या इंधनाविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत देणे घाईचे होईल.

आता प्रत्यक्ष वैनगंगेकडे पाहू. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरविले. त्यांत वैनगंगा-प्राणहिता हा १०९ व्या क्रमांकाचा आहे. मात्र घोषित पट्टा खालच्या अंगाचा, गोदावरीच्या संगमापर्यंतचा आहे. भंडारा त्याच्या बाहेर वरच्या बाजूस राहतो. आपल्या जिल्ह्यात नदीवर आणि तलावांवर जी कामकरी नौका शतकानुशतके चालत आली ती ढिवरांचा डोंगा. तो वल्ह्याने अगर बांबूने चालतो. मासे, जाळी, पैलतीरीच्या शेतावर जाणारी माणसे, गवताचे भारे हे सर्व तो वाहतो आणि त्याला कोणतेही इंधन लागत नाही. उगमापासून फेसापर्यंतचा कोणताही काटेकोर हिशेब लावला तरी डोंगा त्यात उत्तीर्ण होईल. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्ररहित नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण राखले, हे त्या कायद्याचे श्रेय म्हटले पाहिजे. परंतु संक्रमणाची भाषा यंत्रापासूनच सुरू होते. डिझेल सोडून विजेवर आलेल्या नौकेला प्रगतीच्या खात्यात जमा धरावे, आणि ज्याने डिझेल कधी घेतलेच नाही त्याचे नावही कोठे येऊ नये, ही या भाषेची मर्यादा आहे. डोंग्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. भर पुरात तो उलटतो आणि माणसे दगावतात, हे नदीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याची गरज सुरक्षित बांधणीची आहे, इंधनाची नाही.

हा प्रश्न गोसीखुर्दमुळे केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी कोनशिला बसलेल्या या धरणाने पवनी तालुक्यात एक विस्तीर्ण जलाशय निर्माण केला. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते, आणि त्याच पाण्यावर मासेमारी चालते. या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. म्हणजे यांत्रिक नौकांचा ताफा येथे उभा राहणार आहे, आणि त्याची इंधनाची सवय पहिल्याच खरेदीत ठरणार आहे. एकदा पेट्रोलची इंजिने आली की त्यांच्याबरोबर पिंपे, दुरुस्तीची दुकाने आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग येतो, आणि पुढील वीस वर्षे ‘संक्रमण’ करीत बसावे लागते. फेऱ्या आखूड, वेग बेताचा, मुक्काम रोज त्याच धक्क्यावर आणि ऊन विदर्भाचे : ‘आदित्य’च्या जातीच्या नौकेला याहून अनुकूल स्थळ शोधून सापडणार नाही. मात्र धक्क्यावरील भारणस्थानाला सौरपत्रांची जोड नसेल, तर ती नौका मौद्याच्या कोळशावर चालेल. मौदा जलाशयाचे पाणी पिऊन वीज करील आणि त्या विजेवर त्याच जलाशयात उतारू फिरतील. निविदेत नौकेच्या वर्णनाइतकेच विजेच्या उगमाचे कलम असावे, आणि नौका कोणत्या भागात, कोणत्या वेळी फिरतील हे ठरविताना जाळी टाकणाऱ्या सहकारी संस्थांना विचारले जावे, या दोन अपेक्षा फार खर्चाच्या नाहीत.

विद्यापीठीय अभ्यासकांना यात करण्याजोगे काम आहे आणि ते अद्याप कोणी हाती घेतलेले दिसत नाही. भंडारा, पवनी, लाखांदूर आणि तुमसर या तालुक्यांत नदीवर व मोठ्या तलावांवर किती डोंगे आणि किती यांत्रिक नौका चालतात, त्या दिवसाकाठी किती अंतर कापतात, काय वाहतात, पावसाळ्यात किती दिवस बंद असतात, एवढे चार रकाने भरले तरी कोणत्या नौकेला किती युनिटांचा घट पुरेल हे सांगता येईल, आणि कोणत्या नौकेला घटाची गरजच नाही हेही कळेल. ही मोजणी एक पावसाळा आणि एक उन्हाळा मिळून पुरी होण्यासारखी आहे.